डोकं दुखतं, मग शेक मानेला का?

दुपारी चारच्या पुढे बँकेच्या काउंटरमागे, शाळेच्या शिक्षकखोलीत किंवा शिलाई मशीनवर बसलेल्या माणसांकडे नीट पाहा. "डोकं नुसतं जड झालंय," असं म्हणताना हात कपाळाकडे जात नाही, मानेच्या मागे जातो. चार बोटं कवटीखालच्या खळग्यात रुततात, मान डावीउजवीकडे फिरते, एखादा 'कट्' आवाज निघतो. घरी गेल्यावर कपाळाला बाम चोळला जातो, वरून ओढणी करकचून बांधली जाते, आल्याचा चहा होतो. फारसा फरक पडत नाही. शेवटी घरातलं कुणीतरी गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून मानेवर ठेवतं आणि अर्ध्यापाऊण तासाने माणूस उठून जेवायला बसतो.

दुखत होतं कपाळ आणि कानशिलं. पिशवी तिकडे फिरकलीसुद्धा नाही. शिवाय तिची ऊब मानेच्या आत किती खोल शिरते हे मोजलं, तर आकडा अगदीच किरकोळ निघतो. मग आराम पडला तो कशाने? 'रक्तपुरवठा वाढतो' हे आपलं ठरलेलं उत्तर. ते साफ चुकीचं नाही, पण खरी गोष्ट बरीचशी दुसरीकडे आहे.

ही डोकेदुखी नेमकी कोणती?

डोकं दुखण्याची कारणं शेकड्यांनी आहेत. इथे बोलायचं आहे ते त्यांतल्या सगळ्यात सामान्य प्रकाराबद्दल, म्हणजे टेन्शन हेडेकबद्दल. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने त्याची लक्षणं ठरवून दिली आहेत. दुखणं सहसा दोन्ही बाजूंना असतं. ठणका नसतो, आवळल्यासारखं किंवा दाबल्यासारखं वाटतं. तीव्रता सौम्य ते मध्यम; म्हणजे माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. जिना चढल्याने किंवा चालल्याने ते वाढत नाही. उलटी होत नाही. एकदा सुरू झालं की अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकतं. महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस असं दुखायला लागलं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ तसंच चाललं, की त्याला जुनाट म्हणतात.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, याहून वेगळी. तिच्यात बहुधा एका बाजूला ठणका लागतो, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, हालचाल केली की दुखणं वाढतं. मात्र अर्धशिशीतही पुष्कळांची मान दुखते. त्यामुळे 'मान दुखतेय म्हणजे टेन्शन हेडेकच' असं म्हणता येत नाही. तिसरा एक प्रकार थेट मानेतल्या सांध्यांतून येतो. त्यात मान ठरावीक बाजूला वळवली की डोक्याची तीच बाजू दुखते आणि मान पूर्ण वळत नाही. हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेलेही आढळतात, म्हणून वारंवार डोकं दुखत असेल तर निदान एकदा तरी डॉक्टरांकडून करून घ्यावं. 'स्पॉन्डिलायटिस आहे' हे आपल्याकडे शेजारीपाजारीच सांगून टाकतात! चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसणं इतकं सर्रास आहे, की ती पुष्कळदा कसलंही दुखणं नसलेल्या माणसातही दिसते.

घंटा एक, दोऱ्या दोन

मानेतल्या दुखण्याची खबर कपाळात कशी पोहोचते, हा या विषयातला सगळ्यात सुरेख भाग आहे.

चेहरा, कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि जबडा यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू मेंदूकडे नेतो. त्याचे दुखण्याची वर्दी देणारे धागे मेंदूच्या देठात शिरतात आणि तिथेच न थांबता खाली उतरतात, पार मानेच्या वरच्या टोकाच्या मज्जारज्जूपर्यंत. त्याच ठिकाणी मानेतून निघालेले पहिले तीन मज्जातंतूही येऊन मिळतात. डोक्याचा मागचा भाग, मानेचे वरचे सांधे आणि कवटीच्या पायथ्याचे स्नायू या तिघांच्या ताब्यात असतात. दोन्हीकडचे धागे शेवटी त्याच त्या चेतापेशींना जाऊन टेकतात.

जुन्या वाड्यात पुढच्या आणि मागच्या दाराच्या दोऱ्या माजघरातल्या एकाच घंटेला बांधलेल्या असाव्यात, तसं हे आहे. घंटा वाजली की आतल्या माणसाला कळतं, कुणीतरी आलंय. कुठल्या दाराशी, ते घंटा सांगत नाही. पुढच्या दाराशी वर्दळ जास्त, म्हणून तो सवयीने पुढेच जातो. मेंदूही मानेकडून आलेली हाक कपाळाची समजतो. निरोगी माणसाच्या मानेच्या वरच्या स्नायूत तीव्र मिठाचं पाणी सुईने टोचलं, तर त्याला कपाळात किंवा डोळ्यामागे दुखल्याचं जाणवतं, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे.

यातून एक गोष्ट निघते. मागच्या दाराची दोरी ओढणं थांबवलं, तर घंटाही थांबते. मानेकडून येणारा दुखण्याचा मारा कमी झाला, की त्या सामाईक पेशी शांत होतात आणि कपाळ हलकं होतं. मानेवरची पिशवी लागू पडते ती या वाटेने.

ही दोरी ओढणारे स्नायू कोणते? मुख्य मानकरी ट्रॅपिझियस. कवटीच्या मागून सुरू होऊन खांद्यापर्यंत पसरलेला, ज्यावर आपण पर्स किंवा लॅपटॉपची बॅग अडकवतो तो. त्याच्या वरच्या कडेला दाबलं की अनेकांना कानशिलात कळ जाणवते. दुसरे, कवटीच्या पायथ्याशी खोलवर असलेले चार जोड्यांचे चिमुकले स्नायू. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं आहे. मोबाइल पाहताना ते पुढे झुकतं, नजर सरळ ठेवायला हनुवटी वर निघते आणि या चिमुकल्या स्नायूंना तासन्‌तास आखडून राहावं लागतं. पोळ्या लाटणारी, पेपर तपासणारा, तुरीच्या शेंगा निवडणारी आणि कोडिंग करणारा, या बाबतीत सगळे सारखेच.

स्नायू खरंच दगड होतो का?

'मान आखडली', 'खांदे भरून आले', 'गाठ बसली' ही आपली नेहमीची भाषा. वैद्यकशास्त्रही बराच काळ तसंच मानत होतं. १९६२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने केलेल्या वर्गीकरणात या दुखण्याचं नावच 'स्नायू आकुंचनाची डोकेदुखी' असं होतं. स्नायू सतत आकसतो, त्याचं रक्त तुटतं, म्हणून दुखतं, असा सरळ हिशेब होता.

पुढे स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजली गेली तेव्हा हा हिशेब जुळेना. डोकं दुखत असताना मानेचे आणि कानशिलाचे स्नायू फारसे जास्त आखडलेले आढळत नव्हते. आढळत होता तो हळवेपणा. साध्या दाबानेही ते दुखत. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून ते जुनं नाव गेलं.

आज साधारण मत असं आहे, की अधूनमधून होणाऱ्या डोकेदुखीत दोष मुख्यतः स्नायूंकडच्या हळव्या झालेल्या टोकांचा असतो. तीच डोकेदुखी महिनोन्‌महिने चालू राहिली, की मज्जारज्जू आणि मेंदू स्वतःच हळवे होतात. मग दोरी जरा हलली तरी घंटा घणाघणा वाजते. नवी डोकेदुखी शेकाला चटकन दाद देते आणि जुनाट देत नाही, त्यामागे हे एक कारण आहे. जुनाट डोकेदुखीत डॉक्टर कधी कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध देतात. 'अहो, हे तर डिप्रेशनचं औषध आहे,' म्हणून पेशंट दचकतो. पण इथे ते दिलेलं असतं हळवी झालेली चेतासंस्था शांत करण्यासाठी.

ऊब आत जाते तरी किती?

फिजिओथेरपीच्या कुठल्याही दवाखान्यात कोपऱ्यात स्टीलची एक टाकी दिसेल. तिच्यात सत्तर-पंचाहत्तर अंश सेल्सिअसच्या पाण्यात हॉट पॅक बुडवून ठेवलेले असतात. जाड कापडाची चौकोनी पिशवी, उभ्या शिलाईचे कप्पे पाडलेली, आत पाणी धरून ठेवणारी माती. फिजिओथेरपिस्ट चिमट्याने पॅक उचलतात, पाणी निथळू देतात, टॉवेलच्या सहा-आठ घड्यांत गुंडाळून मानेवर आणि खांद्यावर ठेवतात. पाच मिनिटांनी टॉवेलखाली हात घालून कातडी पाहतात. गुलाबी दिसली तर ठीक. लालभडक किंवा पांढरे-लाल चट्टे दिसले, तर आणखी एक घडी वाढते.

आपल्या त्वचेचं तापमान एरवी ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असतं. पॅकखाली ते चाळिशीच्या पुढे जातं. आत मात्र चित्र झपाट्याने बदलतं. पंधरा-वीस मिनिटांच्या शेकाने सेंटिमीटरभर खोलीवर तीन-चार अंशांची वाढ होते आणि तीन सेंटिमीटर खोल गेलं की एक अंशही धड वाढत नाही. कातडीखालची चरबी उष्णता अडवते आणि रक्त ती वाहून नेत राहतं. म्हणजे ट्रॅपिझियसच्या वरच्या थराला ऊब लागते, पण त्याखाली दडलेल्या त्या चार जोड्यांना तिचा पत्ताही नसतो. उष्णतेने स्नायूंच्या आवरणातले तंतू सैल होतात हे खरं असलं, तरी त्यासाठी तो भागच चाळीस अंशांच्या वर जावा लागतो. पिशवीने खोलवरच्या स्नायूत ते होत नाही. 'शेकाने गाठ वितळते' हे वाक्य म्हणून निकालात काढायला हरकत नाही.

रक्तपुरवठ्याचंही असंच. शेकाने रक्त वाढतं ते प्रामुख्याने त्वचेतलं. पहिल्या काही मिनिटांत त्वचेतल्या मज्जातंतूंच्या इशाऱ्याने वाहिन्या रुंदावतात, मग नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू त्या तशा ठेवतो. स्नायूच्या आतलं रक्त वाढवायचं तर शेकापेक्षा स्नायू हलवणं कितीतरी परिणामकारक. ऊब द्यायला बसायचं आणि रक्तासाठी उठायचं, असं म्हणा ना.

आराम पडतो तो मज्जातंतूंच्या वाटेने

त्वचेत ऊब ओळखणारी बारीक प्रथिनं असतात. त्यांतलं एक, टीआरपीव्ही-१, डेव्हिड ज्युलियस यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधलं आणि तेही मिरचीच्या मदतीने. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ ज्या प्रथिनाला चिकटून आग आग करतो, तेच प्रथिन साधारण ४३ अंशांवर उष्णतेनेही उघडतं. ठेचा खाल्ल्यावर तोंड 'भाजतं' त्याचं हे शास्त्रीय कारण. २०२१ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळाला. सुखद, कोमट ऊब टिपणारी याच कुळातली इतर प्रथिनं त्याहून कमी तापमानाला जागी होतात. चांगला शेक म्हणजे या कोमटवाल्यांना भरपूर जागं करायचं आणि ४३ वाल्याला डिवचायचं नाही.

उबेचा हा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो तेव्हा तिथे दुखण्याचे संदेशही येतच असतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की मज्जारज्जू आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा वर पाठवत नाही. स्पर्शासारख्या निरुपद्रवी संवेदना येत असल्या, की दुखण्याचे संदेश तिथेच मागे पडतात. आपटलेला गुडघा आपण चोळतो तो यामुळेच. त्या मांडणीतल्या तपशिलांत पुढे बदल झाले, पण गाभा टिकला. ऊब, टॉवेलचा मऊ स्पर्श आणि पॅकचं वजन अशा तिन्ही संवेदना एकदम येतात. शिवाय मेंदूकडून खाली येणारे, दुखणं दाबणारे संदेश असतात, तेही अशा वेळी वाढतात. ऊब सुखाची वाटते, माणूस डोळे मिटून पडतो, श्वास संथ होतो. 'हे तर नुसतं बरं वाटणं' असं म्हणून याला हिणवू नये. या दुखण्यात बरं वाटणं हा उपचाराचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट स्नायूंची. प्रत्येक स्नायूत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते, तिला स्नायूची चाती म्हणतात. दुखऱ्या भागात ती फार जागरूक झालेली असते. मान जरा वळली की स्नायूला आखडायला सांगते. त्वचेला ऊब मिळाली, की तिची ही तत्परता ओसरते. मान लगेच थोडी जास्त वळते, ती स्नायू लांबला म्हणून वळत नाही, राखणदार ढिला पडला म्हणून वळते.

जाता जाता बामबद्दल. त्यातल्या मेंथॉलने किंवा कापराने त्वचा तापतही नाही आणि थंडही होत नाही. उष्ण-थंड ओळखणारी प्रथिनं तेवढी फसतात. हा उद्योग आपल्याकडचाच. 'अमृतांजन' १८९३ साली मुंबईत सुरू झालं आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा बोरघाटातला जुना पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडेपर्यंत घाटाची खूण होता. बामने तात्पुरतं बरं वाटतं, त्याला ना नाही. बाम चोळून त्यावर गरम पिशवी मात्र ठेवू नये. एक तर कातडी आधीच फसलेली असते, त्यामुळे चटका वेळेवर कळत नाही. आणि उष्णतेने औषध जास्त मुरून कातडी सोलल्यासारखी भाजते.

घोंगडीच्या पट्ट्या

पुनर्वसन उपचारांत शेकाला मानाचं पान मिळालं, त्यामागे ऑस्ट्रेलियातल्या एका नर्सबाईंचा मोठा हात आहे. एलिझाबेथ केनी यांचं रीतसर नर्सिंगचं शिक्षण नव्हतं. 'सिस्टर' ही पदवी त्यांना पहिल्या महायुद्धात सैन्याच्या परिचर्या सेवेत मिळाली. तेव्हा पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय महिनोन्‌महिने फळ्या आणि प्लास्टर बांधून स्थिर ठेवत. केनीबाईंनी फळ्या सोडायला लावल्या. लोकरी घोंगडीच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून, जवळजवळ कोरड्या होईपर्यंत पिळून त्या दुखऱ्या स्नायूंभोवती गुंडाळायच्या आणि दुखणं उतरलं की लगेच तो अवयव हळूहळू हलवायला शिकवायचं, अशी त्यांची पद्धत. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि १९४२ मध्ये मिनियापोलिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. पोलिओबद्दलची त्यांची कारणमीमांसा डॉक्टरांना पटली नाही आणि पुढेही ती टिकली नाही. पण शेक आणि त्यामागोमाग हालचाल, ही जोडी टिकली. आपल्याकडेही फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं.

शेक आपल्याला नवा नाही, हे सांगायला नकोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय संपूर्ण स्वेदनावर आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदनाचे तेरा प्रकार दिले आहेत. पुरचुंडीने शेकणं त्यांतलंच. डोळे आणि हृदय यांच्याजवळ शेक अगदी सौम्य हवा, हा इशाराही तिथे आहे. बाळंतिणीची शेगडी, ओव्याची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, तव्यावर तापवलेलं मीठ, ही सगळी घराघरांतली परंपरा. फक्त एका बाबतीत आपण चुकतो. शेक घेतो आणि झोपतो किंवा पुन्हा मोबाइल हातात घेतो.

शेकानंतरचा अर्धा तास

शेकाचा असर फार टिकत नाही. पॅक काढल्यावर त्वचा आणि वरचा स्नायू लवकरच मूळ तापमानाला येतात. तेवढ्या वेळात मान कमी दुखते आणि जास्त वळते. मान हलवून घ्यायची ती तेव्हाच. म्हणूनच दवाखान्यात पॅक काढताक्षणी फिजिओथेरपिस्ट म्हणतात, "चला, आता व्यायाम." नेमकं त्याच वेळी पेशंटला घड्याळ दिसतं. "मॅडम, आज फक्त मशीन लावा, व्यायाम घरी करतो!" घरी तो होत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

व्यायाम म्हणजे मान गरागरा फिरवणं नव्हे. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून काही खोल स्नायू असतात. मान दुखणाऱ्या पुष्कळांमध्ये हे सुस्तावलेले आढळतात आणि त्यांचं काम वरवरच्या स्नायूंवर पडतं. त्यांना जागं करायची रीत साधी आहे. उताणं झोपा, मानेखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. डोकं न उचलता 'हो' म्हणावं इतकीच हनुवटी आत घ्या. दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा ताठ झाल्या, तर जोर जास्त लागतोय असं समजावं. दिसायला हे इतकं क्षुल्लक, की लोक हसतात. नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेन्शन हेडेकच्या सगळ्या ८१ रुग्णांना नेहमीची फिजिओथेरपी दिली आणि निम्म्यांना त्यासोबत रबरी पट्टीने करायचा असाच हलका व्यायाम शिकवला. सहा महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांची डोकेदुखी स्पष्टपणे कमी होती.

निव्वळ शेकाचा पुरावा याहून तोकडा आहे. कंबरदुखीत त्याने थोडा, थोड्या दिवसांचा आराम पडतो, असं कॉक्रेन या संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात दिसलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका तातडीच्या विभागात मान किंवा पाठ आखडलेल्या ६० रुग्णांना वेदनाशामक गोळीबरोबर कुणाला गरम, तर कुणाला थंड पॅक अर्धा तास लावून पाहिला. दोन्ही गटांना सारखाच, माफक फरक पडला. तेव्हा 'गरम की गार' यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याला जे मानवेल ते घ्यावं. अर्धशिशीत अनेकांना गारच बरं वाटतं.

> चौकट: घरी शेक घ्यायचा तर
>
> रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरा, उरलेली हवा दाबून काढा, मगच बूच लावा. पाणी उकळतं नको. हाताला कडक लागेल इतपत पुरे. पिशवीला पंचा किंवा टॉवेल गुंडाळा. ओलसर शेक हवा असेल तर टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा.
>
> पालथं झोपून किंवा टेबलावर कपाळ टेकून मानेच्या मागे आणि खांद्यांवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. पिशवीवर मान टाकून झोपू नका. वजनाने तिथलं रक्त दाबलं जातं, उष्णता साठते आणि भाजतं. गळ्याला, म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूला, शेक देऊ नका.
>
> पाच मिनिटांनी कातडी पाहा. शेक संपल्यावर लगेच हनुवटीचा व्यायाम, मग खांदे मागे-खाली घ्या आणि मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवा.

सोसवतंय म्हणून सुरक्षित नाही

भाजायला आग लागतेच असं नाही. हेन्रिक्स आणि मॉरित्झ यांनी १९४७ साली केलेल्या प्रसिद्ध प्रयोगांनुसार ६० अंशांना त्वचा काही सेकंदांत भाजते, ४९ अंशांना दहा मिनिटांच्या आत-बाहेर, आणि जेमतेम ४४ अंशांनाही सहाएक तासांत. इलेक्ट्रिक पॅड लावून झोपी गेलेल्यांना फोड असेच येतात. मधुमेहामुळे बधिरपणा असलेल्यांना, लकव्यानंतर एका बाजूची संवेदना गेलेल्यांना, फार वृद्धांना आणि झोपेची गोळी घेतलेल्यांना चटका कळतच नाही. त्यांना शेक द्यायचा तर दुसऱ्या कुणीतरी तापमान पाहूनच द्यावा. ताजी दुखापत, सूज, जखम, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची जागा असेल तर शेक नको.

रोज त्याच जागी शेकत राहिल्याने कातडीवर तपकिरी जाळीसारखे डाग पडतात. काश्मीरमध्ये कपड्यांच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. वर्षानुवर्षांच्या त्या उबेने तिथल्या त्वचेला होणारा कर्करोग वैद्यकाच्या पुस्तकांत कांगडीच्याच नावाने नोंदलेला आहे. महिनोन्‌महिने रोज पिशवी लागत असेल, तर प्रश्न पिशवीने सुटणारा नाही.

शेकत बसू नये अशी डोकेदुखी

क्षणात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर ताठलेली मान. बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, एकाचे दोन दिसणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यांपैकी काहीही असेल तर पिशवी शोधू नका, थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात कानशील हाताला दुखरं लागत असेल आणि घास चावताना जबडा दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथली रक्तवाहिनी सुजलेली असू शकते आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. सलूनमध्ये चंपीनंतर मान 'कडकन' मोडून घेण्याची हौसही आवरलेली बरी. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर पडू शकते.

आणि गोळ्यांचं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस आणि मिश्र औषधाची गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग माणूस आणखी गोळी घेतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळी घेतलेल्या दिवशी पेन्सिलने एक खूण करत जा. महिनाअखेर खुणा दहाच्या पुढे दिसल्या, तर मेडिकलवाल्याला नवी गोळी न विचारता ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा.